टॅबलेट अडला असतां घरच्या घरीं काय पाहावें

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या घरीं टॅबलेट आले आहेत. कोणी मुलांच्या शिक्षणासाठीं घेतला, कोणाला शहरांतील चिरंजिवांनीं आपला जुना आणून दिला, आणि पडदा मोठा असल्यामुळें वडील माणसांना मोबाईलपेक्षां तोच बरा वाटतो. सात-बाराचा उतारा, बाजारभाव, हवामान, बँकेचा व्यवहार हें सर्व त्यावर पाहण्याची आतां संवय झाली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हांपासून तर पीकपेऱ्याची नोंद खातेदारानें बांधावर उभें राहून स्वतः करावयाची असा परिपाठ पडला. अर्थात् हें यंत्र ऐन मुदतीच्या दिवसांत अडलें तर नुकसान कोणाचें, हें शेतकरीबंधूंस सांगावयास नको.

परंतु माझा अनुभव असा आहे कीं, "बिघडला" म्हणून दुकानांत जाणारे पुष्कळसे टॅबलेट खरोखर बिघडलेले नसतात. मागील कपाशीच्या हंगामांत आमच्या आळींतील एका खातेदाराचा टॅबलेट चार्ज होईना. तालुक्याच्या गांवीं एका दुकानीं दाखविला, तेथें आंतील मुख्य पट्टी जळाली आहे व साडेतीन हजार रुपये पडतील असें सांगण्यांत आलें. रक्कम मोठी म्हणून ते गृहस्थ परत आले आणि सहज माझ्याकडे बसावयास आले असतां ही गोष्ट निघाली. विजेरी लावून चार्जिंगच्या छिद्रांत पाहतों तों आंत कापसाचा बारीक बोळा दडपून बसलेला! वेचणीच्या दिवसांत टॅबलेट ज्या पिशवींत, त्याच पिशवींत कापूस. दर वेळीं वायरीचें टोंक घालतांना तो अधिकाधिक आंत ठोकला गेला होता. टॅबलेट बंद करून लांकडी दांतकोरणीनें तो हलके हलके काढला, आणि वायर लावतांच बॅटरीचें चिन्ह उमटलें. साडेतीन हजारांचें काम एका काडीवर झालें.

महसुलाच्या कामांत पंचनाम्याआधीं निर्णय लिहूं नये असें आम्हांस शिकवीत, तोच नियम येथें लागू आहे. आधीं पाहावें, मग हात घालावा. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावी. वायरही बदलली, चार्जरही बदलला व ॲपही काढून टाकलें, म्हणजे दोष कशांत होता तें शेवटपर्यंत कळत नाहीं, व तोच दोष पुन्हां आला म्हणजे आपण पुन्हां अंधारांत. पडद्यावर कांहीं इशारा उमटला असेल तर तो जसाच्या तसा वहींत उतरून घ्यावा. "कांहीं तरी इंग्रजींत आलें होतें" एवढ्या जबानीवर कोणालाच कांहीं सांगतां येत नाहीं.

पहिला उपाय बहुधा एकच असतो, आणि तो इतका साधा आहे कीं लोकांना त्याची लाज वाटते. टॅबलेट पूर्ण बंद करून पुन्हां सुरू करणें. कळ एकदां दाबून पडदा काळा केला म्हणजे टॅबलेट बंद झाला अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. त्यानें पडदा तेवढा झोंपतो, आंतील कामें चालूच राहतात. महिना महिना टॅबलेट असाच अर्धवट जागा असतो, आणि एखादें ॲप चुकीच्या वाटेनें जाऊन बसलें कीं इतरांची जागा अडवितें. खरोखर बंद करून सुरू केला म्हणजे कामचलाऊ स्मृति सगळी पुसली जाते व प्रत्येक गोष्ट प्रथमपासून नीट मांडली जाते. आपलीं छायाचित्रें वगैरे वेगळ्या, कायमच्या स्मृतींत असल्यामुळें त्यांस धक्का लागत नाहीं. आठवड्यांतून एकदां, बाजाराच्या दिवशीं म्हणा, ही संवय ठेवावी.

पडदा गोठून बोटाला दादच देत नसेल तर सक्तीनें सुरू करावें लागतें. अँड्रॉइडच्या बहुतेक टॅबलेटांत चालू-बंद करण्याची कळ व आवाज कमी करण्याची कळ दोन्ही एकदम, कंपनीचें चिन्ह दिसेपर्यंत, दहा-वीस सेकंद दाबून धराव्या. ॲपलच्या ज्या आयपॅडांस खालीं वाटोळें बटण आहे त्यांत तें बटण व वरची कळ एकत्र धरावी. ज्यांस तें बटण नाहीं त्यांत वरच्या कळीजवळची आवाजाची कळ दाबून सोडावी, मग दुसरी आवाजाची कळ दाबून सोडावी, आणि मग वरची कळ सफरचंदाचें चिन्ह येईपर्यंत दाबून धरावी. यानें कांहीं पुसलें जात नाहीं. फक्त अर्धवट लिहिलेला मजकूर असेल तो जातो.

चार्ज न होणें.— ही तक्रार सर्वांत अधिक, म्हणून तिला थोडा विस्तार केला पाहिजे. छिद्रांतील कचरा वर सांगितला. टांचणी, सुई किंवा तारेचा तुकडा त्यांत कधींही घालूं नये. आंत बारीक धातूचे संपर्क असतात, ते वांकले किंवा एकमेकांस टेंकले तर मग मात्र दुकानदाराची पट्टी खरी ठरेल. कचरा नसेल तर प्रथम वायर बदलून पाहावी, कारण सर्वांत आधीं मरते ती वायर. टोंकाशीं ती रोज वांकते, वरून धड दिसते, पण आंतून तुटलेली असते. मग चार्जर बदलावा. मग भिंतींतील सॉकेट. पॉवर बँक जवळ असल्यास तिच्यावर लावून पाहणें हा उत्तम पुरावा होय: तिच्यावर चार्ज झाला तर टॅबलेट व वायर निर्दोष, दोष चार्जरांत किंवा घरच्या विजेंत.

पुष्कळ वेळां टॅबलेट चार्ज होतच नाहीं असें नसून फार हळू होतो. येथें थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. टॅबलेटाच्या बॅटरीवर ७,००० एमएएच असा आंकडा असला व तिचा दाब सुमारें ३.८५ व्होल्ट धरला, तर तींत जवळजवळ २७ वॅट-तास वीज मावते. जुन्या मोबाईलचा लहान चार्जर ५ व्होल्ट व १ अँपिअर, म्हणजे ५ वॅट देतो. सत्ताविसास पांचानें भागिलें तर साडेपांच तास. त्यांत वाटेंतली घट धरली तर सहा-सात तास. वर पडदा चालू ठेवून मुलें चित्रपट पाहत बसलीं म्हणजे जितकी वीज येते तितकीच जाते, आणि आंकडा ४० वरून हलत नाहीं. येथें बिघाड कसलाही नाहीं, आंवक कमी आहे इतकेंच. १५ वॅटांचा चार्जर लावला तर तेंच काम सुमारें एक-तृतीयांश वेळांत होतें. चार्जर घेतांना त्यावर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी-खूण आहे कीं नाहीं तें पाहावें. जत्रेंतला शंभर रुपयांचा चार्जर घेऊं नये.

चार्जरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट असें लिहिलेलें असतें, म्हणून गांवाकडे दाब कमी झाला तरी तो सहसा चालतो. भीति आहे ती दाब वाढण्याची. खांबावर न्यूट्रलची तार सुटली कीं एखाद्या घरांत दाब अतोनात चढतो. दिवे एकाएकीं लखलखीत पेटले कीं प्रथम चार्जर उपसावा, मग वायरमनला हांक मारावी.

टॅबलेट महिनोन्‌महिने कपाटांत पडून राहिला तर बॅटरी इतकी उतरते कीं वायर लावल्यावरही बराच वेळ पडदा काळाच राहतो. अशा वेळीं घाई न करतां अर्धा-पाऊण तास तसाच लावून ठेवावा. पुढें असें होऊं नये म्हणून दीर्घकाळ ठेवावयाचा टॅबलेट पूर्ण भरून किंवा पूर्ण रिता न ठेवतां निम्मा भरून, बंद करून, थंड व कोरड्या जागीं ठेवावा, आणि अधून मधून काढून पाहावा.

एक गोष्ट मात्र घरीं करूं नये. टॅबलेटाची पाठ फुगलेली दिसली, किंवा पडदा एका कडेनें उचलला गेला, तर तो आंतील लिथियम बॅटरीचा फुगवटा समजावा. दाबून बसविण्याचा यत्न केल्यास, किंवा तिला भोंक पडल्यास, ती पेट घेऊं शकते. तो त्याच क्षणीं बंद करावा, चार्जरपासून दूर करावा, गवत, कडबा, कापूस यांजवळ ठेवूं नये, आणि जाणत्या माणसाकडून बॅटरी बदलून घ्यावी. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकूं नये.

उष्णता व पाणी.— ॲपल आपला आयपॅड ० ते ३५ अंश उष्णतामानांत वापरावा असें सांगते. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यांत वैशाखांत हवाच ४५ वर जाते. ट्रॅक्टरच्या बोनेटवर किंवा मोटारीच्या कांचेमागें ठेवलेल्या काळ्या टॅबलेटाचें काय होत असेल तें समजून घ्यावें. फार तापला म्हणजे तो चार्ज घेण्याचें थांबवितो, पडदा मंद करतो, शेवटीं स्वतः बंद पडतो. हा त्याचा बचाव आहे, दोष नव्हे. सावलींत ठेवून, आवरण काढून आपोआप निवूं द्यावा. फ्रीजमध्यें ठेवण्याची युक्ति कोणी सांगितल्यास ऐकूं नये. थंडाव्यानें आंत दंव धरतें, आणि ऊन परवडलें असें होतें.

पावसांत भिजला तर लगेच बंद करावा, कोरड्या फडक्यानें पुसावा, छिद्र खालीं करून हलके झटकावें व वाऱ्यावर ठेवावा. ओलावा पुरता जाईपर्यंत चार्जर लावूं नये. पाण्यानें जितके मरत नाहींत तितके पाण्यावर वीज सोडल्यानें मरतात. तांदुळाच्या डब्यांत पुरून ठेवण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र आहे. पण ॲपलनें २०२४ सालीं आपल्या आयफोनच्या सूचनांत असें करूं नका म्हणून स्पष्ट लिहिलें, कारण तांदुळाचे बारीक कण आंत शिरून नुकसान करूं शकतात. तांदूळ पेजेला ठेवावे.

पडदा बोटाला दाद देत नाहीं, किंवा बोट न लावतां आपोआप उघड-मीट करतो, अशीही तक्रार असते. कांचेखालीं विजेचा पातळ, पारदर्शक थर असतो. बोट टेंकलें कीं तेथील विजेच्या भारांत फरक पडतो, व त्यावरून बोट कोठें आहे हें यंत्र ओळखतें. पाणी व घाम हींही वीज वाहणारींच; म्हणून ओल्या हातानें किंवा दंव पडलेल्या कांचेवर तें गोंधळतें. हात व कांच पुसून पाहावी, वर चिकटविलेली जाड कांच काढून पाहावी. चार्जर लावला असतांनाच पडदा आपोआप नाचत असेल व वायर काढतांच शांत होत असेल, तर दोष चार्जरचा. हलक्या चार्जरमधून विजेची कुरबुर पडद्यापर्यंत पोंचते. ही एका क्षणांत होणारी परीक्षा आहे. ती न करतां पडदा बदलावयास देऊं नये.

आतां ज्या दोषांचा हार्डवेअरशीं संबंध नाहीं त्यांकडे वळतों. यांत मुख्य म्हणजे जागा संपणें. ३२ जीबीच्या टॅबलेटांतील सर्व जागा आपली नसते. यंत्राची स्वतःची व्यवस्था तींतला बराच वांटा घेते. उरलेल्या जागेंत व्हॉट्सॲपवरून रोज येणारीं सुप्रभाताचीं चित्रें व व्हिडिओ साठतात. एक छायाचित्र तीन-चार एमबीचें, तर मिनिटभराचा स्वच्छ व्हिडिओ सुमारें १०० एमबीचा. म्हणजे लग्नाच्या वरातीचा एक मिनिट पंचवीस-तीस छायाचित्रांची जागा खातो. जागा संपली कीं टॅबलेट मंदावतो, नवीन ॲप उतरत नाहीं, छायाचित्र घेतलें तरी राहत नाहीं. सेटिंग्जमध्यें स्टोरेज या सदरांत कोणी किती जागा घेतली याचा गोषवारा मिळतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्यें आपोआप उतरवून घेणें बंद करावें, नको तें पुसावें, आणि दोन-तीन जीबी जागा सदैव मोकळी ठेवावी.

येथें मला माझ्या हातून झालेली एक चूक सांगितली पाहिजे, कारण तीच चूक इतरांकडून होतांना मीं पाहतों. २०२३ च्या खरिपांत माझ्या धाकट्या बंधूंच्या शेतांतील पीक-नोंदी मीं टॅबलेटावर केल्या. शिवारांत नेटवर्क नव्हतें, म्हणून सात नोंदी छायाचित्रांसह टॅबलेटांतच राहिल्या. घरीं येऊन त्या वर पाठवावयाच्या होत्या. घरीं आल्यावर ॲप अडूं लागलें. कोणी सांगितलें होतें कीं ॲपच्या माहितींत जाऊन "साफ करा" म्हटलें कीं तें पुन्हां नीट चालतें. तेथें दोन बटणें होतीं, "कॅशे साफ करा" व "स्टोरेज साफ करा". दुसरें अधिक जोरदार दिसलें म्हणून मीं तें दाबलें. ॲप खरोखर नीट उघडलें, अगदीं नव्यासारखें. कारण आंत कांहींच उरलें नव्हतें. सातही नोंदी गेल्या. मुदतीचे दोन दिवस राहिले होते व पाऊस लागला होता. तशांत पुन्हां शिवार पालथें घालून सहा नोंदी केल्या. पण मुगाचें शेत तोंवर काढून झालें होतें, आणि उभें पीकच नाहीं तर छायाचित्र कशाचें घ्यावें? त्या गटाच्या सात-बारावर त्या हंगामाचा मूग चढला नाहीं. हमीभावाच्या खरेदीच्या वेळीं सात-बारावरील नोंद पाहतात, म्हणून तो मूग व्यापाऱ्यास पडेल त्या भावानें द्यावा लागला. बंधूंनीं मला शब्द लावला नाहीं. जन्मभर दुसऱ्यांच्या पीकपेऱ्याच्या नोंदी तपासल्या आणि घरचीच नोंद घालविली, हें मला अजून लागतें.

तर फरक असा. कॅशे म्हणजे ॲपनें काम लवकर व्हावें म्हणून जवळ ठेवलेला उतारा. तो मूळ प्रतीवरून पुन्हां करतां येतो, म्हणून साफ करण्यास हरकत नाहीं. स्टोरेज म्हणजे ॲपचें मूळ दप्तर: आपलें लॉगिन, आपल्या न पाठविलेल्या नोंदी, सर्व कांहीं. तें साफ केलें म्हणजे दप्तर जाळलें. ॲप काढून पुन्हां बसविलें तरी परिणाम बहुतेक तोच. आयपॅडांतही असाच भेद आहे. तेथें ॲप "ऑफलोड" केलें तर ॲप जातें पण माहिती राहते, आणि "डिलीट" केलें तर दोन्ही जातात. म्हणून ज्या ॲपांत नोंद करून ती मागाहून वर पाठवावयाची असते, त्यांत नोंदी वर पोंचल्याची खात्री झाल्यावांचून यांपैकीं कांहींही करूं नये. आणि छायाचित्रें कॅमेऱ्यानें वेगळींही घेऊन ठेवावीं.

ॲप उघडतांच मिटत असेल तर क्रम असा ठेवावा: तें सक्तीनें थांबवून पुन्हां उघडावें, टॅबलेट बंद-चालू करावा, कॅशे साफ करावा, प्ले स्टोअरमधून त्याची नवी आवृत्ति आली असल्यास घ्यावी. एकाच वेळीं पुष्कळ ॲपें मिटूं लागलीं तर दोष त्या ॲपांचा नव्हे, त्यांच्या खालच्या पायाचा असतो. मार्च २०२१ मध्यें जगभर असेंच झालें. अँड्रॉइडमध्यें वेबव्ह्यू नांवाचा एक भाग आहे, त्याच्या आधारें अनेक ॲपें आपल्यांत संकेतस्थळें दाखवितात. त्याची सदोष आवृत्ति गेल्यामुळें असंख्य लोकांचीं ॲपें पटापट मिटूं लागलीं. ज्यांनीं घाईनें टॅबलेट-मोबाईल कोरे केले त्यांनीं आपलें दप्तर व्यर्थ गमावलें. ज्यांनीं धीर धरून वेबव्ह्यूची व क्रोमची दुरुस्त आवृत्ति घेतली त्यांचें काम निभावलें. एखादें नवें ॲप घेतल्यापासून त्रास सुरू झाला असा संशय असेल तर सुरक्षित मोड वापरून पाहावा: बंद करण्याचा पर्याय पडद्यावर आल्यावर तोच बोटानें दाबून धरला कीं बहुतेक अँड्रॉइड टॅबलेट तसें विचारतात. त्या अवस्थेंत आपण मागाहून घातलेलीं ॲपें चालत नाहींत. तेव्हां त्रास थांबला तर चोर त्यांच्यांतच आहे. शेवटीं घातलेल्यापासून एकेक काढीत जावें.

जुन्या टॅबलेटावर एखादें नवें ॲप बसतच नाहीं, तेव्हां बहुधा त्याची अँड्रॉइडची आवृत्ति मागें पडलेली असते. त्यास घरीं इलाज नाहीं.

तारीख चुकणें.— ही लहान गोष्ट मोठा घोटाळा करते व तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. बॅटरी पार उतरली तर कांहीं टॅबलेटांचें घड्याळ मागें जाऊन एखादें जुनेंच साल दाखवूं लागतें. मग बँकेचें, सरकारचें, कोणतेंच संकेतस्थळ उघडत नाहीं; "जोडणी सुरक्षित नाहीं" असा इशारा येतो, आणि मालक म्हणतो नेटवर्क गेलें. कारण असें कीं प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक प्रमाणपत्र असतें व त्याची मुदत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी बांधलेली असते. टॅबलेट आपल्या घड्याळाशीं ती ताडून पाहतो. त्याच्या मतें आज २०१५ साल असेल तर तें प्रमाणपत्र अजून जन्मलेलेंच नाहीं, म्हणून तो तें नाकारतो. सेटिंग्जमध्यें तारीख व वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू करावा व भारतीय वेळ, म्हणजे जीएमटीच्या पुढें ५ तास ३० मिनिटें, आहे कीं नाहीं तें पाहावें.

शेताचें स्थान चुकीचें दाखविणें ही आपल्या कामाची दुसरी अडचण. टॅबलेटाला स्थान कळतें तें आकाशांतील उपग्रहांवरून, आणि निदान चार उपग्रह दिसल्यावांचून स्थान बरोबर निघत नाहीं. प्रत्येक उपग्रह आपल्या मार्गाची माहिती ३० सेकंदांच्या फेरीनें सांगत असतो. ती पुरी ऐकूं यावी लागते. सिम किंवा इंटरनेट असलें तर ही माहिती त्यावरून लवकर मिळते. नसल्यास कांहीं मिनिटें उघड्यावर थांबावें लागतें. आंब्याच्या दाट सावलींत किंवा पत्र्याच्या गोठ्यांत उभें राहून स्थान येत नाहीं म्हणून चिडण्यांत अर्थ नाहीं. सेटिंग्जमध्यें लोकेशन चालू आहे काय, आणि त्या ॲपला "अचूक" स्थानाची परवानगी दिली आहे काय, हें पाहावें. "अंदाजे" स्थान दिलें असेल तर ॲप आपल्याला भलत्याच शिवारांत उभें करील. विकत घेणाऱ्यांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं सिमचें घर नसलेल्या, केवळ वाय-फायच्या आयपॅडांत जीपीएस नसतें. इतर कंपन्यांच्या टॅबलेटांत असतें किंवा नसतें. घेण्यापूर्वीं विचारून घ्यावें.

वाय-फायच्या तक्रारी बहुधा तें नेटवर्क विसरावयास लावून सांकेतिक शब्द नव्यानें घातला म्हणजे मिटतात. घराच्या दोन भिंती ओलांडावयाच्या असतील तर ५ गिगाहर्ट्झपेक्षां २.४ गिगाहर्ट्झची जोडणी लांबवर पोंचते.

कांहीं गोष्टी बिघाड नसून बिघाड भासतात. जुना मराठी कागद उघडला असतां त्यांत भलतींच इंग्रजी अक्षरें दिसतात, याचें कारण तो श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या टंकांत लिहिलेला असतो. तो युनिकोडमध्यें बदलून घ्यावा लागतो. आधारची उतरवून घेतलेली पीडीएफ उघडत नाहीं, कारण तिला कुलूप असतें. नांवाचीं पहिलीं चार इंग्रजी मोठीं अक्षरें व लागून जन्मसाल, ही तिची किल्ली.

टॅबलेट एकाएकीं तापूं लागला, बॅटरी भराभर उतरूं लागली, न मागतां जाहिराती येऊं लागल्या, तर मात्र सावध व्हावें. पीएम-किसानच्या किंवा वाहनाच्या दंडाच्या नांवानें व्हॉट्सॲपवर एपीके या अक्षरांनीं संपणारी फाइल येते. ती ओळखीच्या माणसाकडूनही येते, कारण त्याचा मोबाईल आधींच त्यांच्या हातीं गेलेला असतो. ती उघडून बसविली कीं आपले संदेश व ओटीपी चोराच्या हातीं जातात. कोणतेंही सरकारी ॲप व्हॉट्सॲपवरून घेऊं नये. चुकून बसविलें गेलें तर प्रथम इंटरनेट तोडावें, दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवावें, व पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

सर्व उपाय थकले म्हणजे टॅबलेट कोरा करणें, ज्यास फॅक्टरी रीसेट म्हणतात, हा अखेरचा. त्यापूर्वीं छायाचित्रें व कागदपत्रें दुसरीकडे उतरवून घ्यावीं, न पाठविलेल्या नोंदी पाठवाव्या, आणि टॅबलेटावर कोणतें गूगल खातें आहे व त्याचा सांकेतिक शब्द काय, हें निश्चित माहीत असावें. २०१५ मध्यें आलेल्या अँड्रॉइड ५.१ पासून अशी योजना आहे कीं कुलूप मोडून, म्हणजे कळा दाबून, कोरा केलेला टॅबलेट पुन्हां सुरू होतांना पूर्वीचेंच खातें मागतो. चोराला उपयोग होऊं नये म्हणून ही व्यवस्था. पण मुलानें कधीं काळीं उघडलेलें खातें विसरलें असेल तर मालकच बाहेर राहतो. ॲपलची तशी व्यवस्था २०१३ पासून आहे. म्हणून जुना टॅबलेट विकत घेतांना विकणाऱ्यासमक्ष त्याचें खातें काढून घ्यावें, व कोरा करून आपल्यापुढें सुरू करून दाखवावयास सांगावा. मगच पैसे द्यावे.

दुरुस्तीस द्यावाच लागला तर सिम व मेमरी कार्ड काढून घरीं ठेवावें. सेटिंग्जमध्यें "टॅबलेटविषयीं" या सदरांतील अनुक्रमांक वहींत उतरून तोच दुकानाच्या पावतीवर घालून घ्यावा. पडद्याचें कुलूप उघडण्याचा आंकडा कागदावर लिहून देऊं नये. चालवून पाहण्याची गरज असेल तर स्वतः समोर बसून उघडून द्यावें. आणि काय बदललें तें विचारून जुना भाग परत मागावा, बॅटरी फुगलेली असेल तर ती मात्र त्यांच्याकडेच राहूं द्यावी.